आईचा अंगठा आणि चांगीचा विमानतळ

आपल्या वस्तीतील मुले-मुली आता पुण्या-बंगळूरला नोकरीला लागली आहेत. हाती चार पैसे आले की आई-वडिलांना, आजी-आजोबांना कुठेतरी फिरवून आणावे असे त्यांना वाटते. आमच्या थोरलीने असेच दोन वर्षे पैसे बाजूला टाकले आणि सिंगापूरहून निघून पेनांगला जाऊन परत येणाऱ्या बोटीची तीन रात्रींची सहल ठरवली. २०२५ च्या जानेवारीत आम्ही चौघे जाऊन आलो. चौघे म्हणजे मी, हे, थोरली आणि माझी आई. आई ७४ वर्षांची. नागपुरात चाळीस वर्षे तिने विड्या वळल्या. वडील एम्प्रेस मिलमध्ये होते, पण घरात पैसा रोज येई तो आईच्या सुपातून. मी नर्स झाले ती त्या पैशावर.

बोटीचे कौतुक सांगणारे पुष्कळ भेटतील. बोटीवर जेवायचे, झोपायचे आणि समुद्र पाहायचा, त्यात शिकवण्यासारखे काही नाही. दमछाक होते ती विमानतळांवर, बोटीच्या आधी आणि बोटीनंतर. त्याविषयीच चार गोष्टी सांगते.

सुरुवात नागपूरलाच झाली. पूर्वीचा सोनेगावचा विमानतळ म्हणजे आताचा डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळ. दारावरचे नाव पाहून आईने हात जोडले आणि ट्रॉली ढकलत आत शिरली. पण तिची बॅग बाजूला काढली गेली. आत सुक्या खोबऱ्याच्या वाट्या! परदेशात भाजीला चव कशी येणार, म्हणून तिने आम्हाला न सांगता भरल्या होत्या. सुके खोबरे तेलकट असते, पेट घेते. म्हणून २०२२ पासून विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानात त्याला बंदी आहे. सोडायला आलेला भाचा बाहेर उभाच होता, त्याच्याकडे डबा परत गेला. आईचा राग मुंबईपर्यंत उतरला नाही. आपल्या घरांतून लोणचे, ठेचा, तेलाची बाटली हमखास निघते. हे सारे मोठ्या बॅगेत नीट बांधून टाकावे. हातातल्या पिशवीत ठेवले तर तपासणीत जाते. पॉवर बँकेचे उलटे. ती हातातच हवी, मोठ्या बॅगेत चालत नाही.

नागपूर-मुंबई आणि मुंबई-सिंगापूर अशी दोन्ही विमाने थोरलीने एकाच तिकिटावर घेतली होती. त्यामुळे नागपूरला दिलेल्या बॅगा थेट सिंगापूरला मिळाल्या. वेगवेगळी तिकिटे घेतली की हजार-पाचशे वाचतात, पण मुंबईला बॅगा उतरवून घ्या, पुन्हा रांगेत उभे राहा, आणि देशातले विमान टर्मिनल एकला उतरले तर रस्त्याने टर्मिनल दोनला जा, असा सारा खटाटोप होतो. म्हातारे माणूस सोबत असेल तर ते हजार-पाचशे वाचवू नयेत. मुंबईच्या टर्मिनल दोनवर विमानाच्या घोषणा सहसा होत नाहीत, हेही लक्षात असू द्या. गेटचा नंबर फलकावर पाहावा लागतो. आपण एस.टी. स्टँडवरची माणसे, कान लावून बसतो.

एक चूक माझी. आईसाठी चाकाची खुर्ची मी आधी सांगून ठेवली नव्हती. "मी काई बिमार नाही," असे ती म्हणाली आणि मी ऐकले. मुंबईला गेटपर्यंतची चाल संपेना, तेव्हा तिच्या गुडघ्याने जबाब दिला. तिकिटाच्या वेळीच, निदान दोन दिवस आधी, विमान कंपनीला कळवले की खुर्ची आणि ढकलणारे माणूस मिळते. सोबतच्या एका नातेवाइकालाही त्याच रांगेतून जाता येते. परतीसाठी मी कळवले, तेव्हा आईने अट घातली, "मी बसन, पण माह्यासाठी नाही. पिशव्या ठेवाले." आणि चारही पिशव्या मांडीवर घेऊन ती ऐटीत बसली.

आता मुख्य गोष्ट. आमच्या सहलीची चौकशी करताना एका एजंटाने सांगितले होते की रात्री तीनला मुंबईहून निघा, सकाळी अकराला सिंगापूर, दुपारी तीनच्या आत बोटीवर. हॉटेलचा खर्च कशाला? थोरली अडून बसली की बोटीच्या आदल्या दिवशीच पोहोचायचे. एका रात्रीच्या हॉटेलचे पैसे ऐकून मी तिच्याशी दोन दिवस बोलले नाही. प्रत्यक्षात काय झाले? आमचे विमान मुंबईहूनच तीन तास उशिरा सुटले. सिंगापूरचे घड्याळ आपल्यापुढे अडीच तास. उतरलो तेव्हा तिथे दुपारचे दोन वाजले होते.

चांगीला पासपोर्ट यंत्रावर ठेवायचा, चेहरा आणि डोळे यंत्र पाहते, अंगठेही टेकवायचे असतात. आम्ही तिघे गेलो. आईचा अंगठा यंत्राने घेतला नाही. उजवा नाही, डावा नाही. पुसून पाहिला, दाबून पाहिला. बाजूच्या खुर्च्यांवर बसायला सांगितले. आईच्या चेहऱ्यावरचा रंग गेला. तिला वाटले आता परत पाठवतील. "माह्या बोटाईत काही नाही राह्यलं बाप्पा," एवढेच ती पुटपुटत राहिली.

हे वाचताना आपल्यापैकी अनेकींना रेशनचे दुकान आठवेल. तिथेही अंगठा लागत नाही म्हणून बायका परत फिरतात. तेंदूपाने कातरून, तंबाखू भरून, दोरा गुंडाळून वर्षानुवर्षे बोटांची टोके घासली जातात आणि वरच्या रेषा पुसट होतात. भांडी घासणाऱ्या, विटा उचलणाऱ्या, सिमेंट कालवणाऱ्या हातांचेही तेच. वयाने कातडी कोरडी पडते ती वेगळीच. नर्स असून मला हे सुचले नव्हते, याची मला लाज वाटली. जाण्याआधी आठवडाभर रोज रात्री बोटांना व्हॅसलीन किंवा खोबरेल चोळले आणि यंत्रापुढे जाताना हात स्वच्छ पुसून घेतले, तर ठसा उमटण्याचा संभव वाढतो. आम्ही परतीच्या आधी केले. डावा अंगठा लागला, उजवा तरीही नाही.

अर्ध्या-पाऊण तासाने एका अधिकारी बाईंनी आईला काउंटरवर बोलावले. थोरलीने इंग्रजीत सांगितले की आजीने चाळीस वर्षे विड्या वळल्या आहेत. त्या बाईंनी आईचे दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले, आपल्या पद्धतीने डोळ्यांची आणि चेहऱ्याची नोंद घेतली आणि मान लववून पासपोर्ट परत दिला. बॅगा घेऊन बाहेर पडलो तेव्हा तीन वाजून गेले होते. एजंटाच्या हिशेबाची बोट त्या वेळी आम्हाला सोडून गेली असती. बोट कुणासाठी थांबत नाही. आमची मात्र दुसऱ्या दिवशीची होती. मी थोरलीला काही बोलले नाही, फक्त हॉटेलात चहा मीच करून दिला.

कागदांचे थोडक्यात सांगते. सिंगापूरला व्हिसा लागतो, आणि तो एकापेक्षा जास्त वेळा आत येण्याचा हवा, कारण बोट देशाबाहेर जाऊन परत येते. पोहोचण्याच्या तीन दिवसांच्या आत इंटरनेटवर एक आगमन-पत्र भरावे लागते. ते फुकट असते. पैसे मागणारी जागा दिसली की ती सरकारी नव्हे असे समजावे. सिंगापुरात बोटीचे धक्केही दोन आहेत, एक मरिना बे आणि दुसरा हार्बरफ्रंट. टॅक्सीवाल्याला नुसते बोट म्हणून चालत नाही, धक्क्याचे नाव कागदावर लिहून दाखवावे. मरिना बेला मेट्रोनेही जाता येते, मरिना साउथ पिअर हे स्टेशन. पण बॅगा आणि म्हातारे माणूस असेल तर टॅक्सीच बरी.

धक्क्यावर मोठ्या बॅगा हमालाकडे जातात आणि कित्येक तासांनी खोलीच्या दाराशी येतात. म्हणून औषधे, चष्मा आणि एक जोडी कपडे हातातल्या पिशवीत असावेत. आईला मधुमेह आहे. इन्सुलिन तर विमानाच्या पोटातल्या बॅगेत कधीच ठेवू नये, तिथे ते गोठून निकामी होऊ शकते. डॉक्टरांची चिठ्ठी सोबत ठेवावी. बोटीच्या शेवटच्या रात्री बॅगा पुन्हा दाराबाहेर ठेवायच्या असतात. ह्यांनी इमानाने सगळे कपडे भरून बॅग बाहेर ठेवली आणि सकाळी लुंगीवर बसले. बॅग तोवर गेली होती. शेवटी थोरलीची ट्रॅक पँट घालून, घोट्याच्या वर सहा बोटे, हे सिंगापुरात उतरले.

बोट सकाळी लागते, पण उतरायला दहा-अकरा वाजतात. त्यामुळे परतीचे विमान संध्याकाळचे घ्यावे. आम्ही बॅगा पैसे देऊन चांगीवर ठेवल्या आणि ज्वेल नावाच्या इमारतीत गेलो. २०१९ साली उघडलेली ही इमारत विमानतळाला जोडूनच आहे आणि पाहायला पैसे पडत नाहीत. छताच्या मधोमध गोल भोक आणि त्यातून चाळीस मीटर उंचीवरून पाणी पडते. आई बाकावर बसून दीड तास पाहत राहिली. पावसाचे पाणी साठवून वापरतात असे थोरलीने सांगितले, तेव्हा म्हणाली, "आपल्या नळाले एक दिवसाआड येते, अन् हे पाहा." इथे सामानाची तपासणी बहुतेक ठिकाणी गेटजवळ होते. पासपोर्टचा शिक्का झाला म्हणून पाण्याची बाटली भरून घेतली तर गेटवर ओतून द्यावी लागते. आमच्या दोन बाटल्या अशाच गेल्या. आईला वाईट वाटले, तिने ओतण्याआधी जमेल तेवढे पिऊन घेतले.

नागपूरला पोहोचलो तेव्हा भाचा खोबऱ्याचा डबा घेऊन हजर होता. आईने तिथेच झाकण उघडून मोजले. सात वाट्यांतल्या तीन उरल्या होत्या.