भाटघरचे पाणी आणि आमचे पाकीट

गेल्या काही वर्षांत पुण्याच्या आसपासच्या प्रत्येक धरणाच्या काठाला एक नवा व्यवसाय फुटला आहे. पाण्याकडे तोंड करून काचेच्या भिंतींची घरे, जैसलमेरच्या वाळूत मांडतात तसे रांगेने पांढरे तंबू, पाण्याच्या कडेला टेकलेला निळा जलतरण तलाव, आणि रात्री दिव्यांच्या माळा. भोर तालुक्यातले भाटघर धरणही याला अपवाद नाही. धरणाची भिंत अडवून मागे जे पाणी पसरते त्याला आपल्याकडे ‘फुगवटा’ असा छान मराठी शब्द आहे, पण जाहिरातीत तो कुठेच नसतो. तिथे ‘बॅकवॉटर’ असते. फुगवट्याकाठी राहायचे म्हटले तर कोण हजारो रुपये देईल?

आमच्या घरात ही जाहिरात नववीतल्या मुलीच्या मोबाइलमधून आली. तिच्या वर्गमैत्रिणीने तिथले फोटो स्टेटसला ठेवले होते. दिवाळीच्या सुटीत आपणही जाऊ, असा हट्ट सुरू झाला. मी फोन करून विचारले. पाच माणसे, एक रात्र, दोन वेळचे जेवण आणि नाश्ता मिळून साडेनऊ हजार रुपये. घरात एक शिक्षिकेचा पगार आणि एक लहान दुकान. साडेनऊ हजारांत आमचा महिन्याचा किराणा आणि मुलांच्या शिकवणीची फी, दोन्ही भागते.

नुसत्या आकड्यावरून मी नाही म्हटले असते तर मुलीला ते रडगाणेच वाटले असते. म्हणून आम्ही दोघींनी कागद घेतला आणि त्या साडेनऊ हजारांत आपल्याला नेमके काय मिळणार, ते लिहून काढले. भगिनींनो, हा हिशेब एकदा आपापल्या घरी करून पाहा. पॅकेजमध्ये सर्वांत महागडी गोष्ट जलतरण तलाव. तो स्त्री-पुरुषांसाठी एकच, वर ठराविक पोशाखाची सक्ती. म्हणजे मी, माझी मुलगी आणि सासूबाई काठावरच्या खुर्च्यांवर बसणार आणि पाण्यात उतरणार एकटा अकरा वर्षांचा मुलगा. पैसे मात्र पाचही जणांचे. जेवणात चिकन होते. ते हलाल आहे का, असे विचारल्यावर पलीकडून “मॅडम, सगळे फ्रेश असते” असे उत्तर मिळाले. म्हणजे आम्ही पनीर खाणार आणि पैसे चिकनचे भरणार. रात्री संगीताचा कार्यक्रम होता, तो सासूबाईंना झेपणारा नव्हता. या सगळ्या ओळींवर काट मारल्यावर कागदावर तीन गोष्टी उरल्या : पाण्याचे दृश्य, मोकळी हवा आणि स्वच्छ संडास-बाथरूम. पहिल्या दोन फुकट आहेत. तिसरी मात्र विकत घ्यावीच लागते. घरातल्या स्त्रियांना घेऊन निघणाऱ्याने पैसे खर्च करायचेच असतील तर ते तिसरीवर करावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्या घरांतल्या किती बायका सहलीच्या दिवशी सकाळपासून पाणीच पीत नाहीत, हे मी शाळेच्या सहलींतही पाहिले आहे.

मुलीचा एक प्रश्न राहिलाच होता. “अम्मी, पण मग तिथे बघायचे काय?”

स्वारगेटहून भोरची एस.टी. पकडली. पूर्ण तिकीट शंभर रुपयांच्या आसपास. मार्च २०२३ पासून एस.टी.त स्त्रियांना निम्मे भाडे आहे, बारा वर्षांच्या आतल्या मुलांना निम्मे आहे, आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवासच मोफत आहे. सासूबाई शहात्तर वर्षांच्या. आधार कार्ड दाखवून त्यांनी शून्य रुपयांचे तिकीट घेतले आणि ते बटव्यात असे जपून ठेवले, जणू सरकारने पाठवलेले निमंत्रणच. पाच जणांचे जाणे अडीचशे रुपयांत झाले. कात्रजचा बोगदा, मग खेड शिवापूर. तिथल्या हजरत कमर अली दरवेश यांच्या दर्ग्यातला तो बोटांवर उचलला जाणारा दगड मुलाला पाहायचा होता, पण एका दिवसात दोन तफरीह होत नाहीत. कापूरहोळला महामार्ग सोडून गाडी भोरच्या रस्त्याला लागते. भाटघर धरण भोर गावाच्या थोडे अलीकडेच आहे. वाटेत मुलाने विचारले, आता नमाज कसर करायची का? नाही. आपल्याकडचे हनफी उलमा साधारण ७७ किलोमीटरचे अंतर धरतात, आणि पुणे-भोर त्याहून बरेच कमी आहे. त्याची थोडी निराशा झाली.

भोरच्या स्टँडवर उतरलो. फुगवट्याकाठच्या गावांना इथून एस.टी. जाते, पण फेऱ्या मोजक्या. वडाप मिळते, मात्र ते भरल्याशिवाय हलत नाही. सासूबाईंचे गुडघे लक्षात घेऊन आम्ही जाऊन-येऊन सातशे रुपयांत एक रिक्षा ठरवली. दर आधी बोलून घ्यावा आणि परतीची वेळही. आमचे रिक्षावाले पन्नाशीचे, इथलेच होते. त्यांनी सासूबाईंना पहिल्या मिनिटापासून ‘आजी’ केले.

पहिल्यांदा धरण पाहिले, ते खालच्या बाजूने. वेळवंडी नदीवरची ही दगडी भिंत १९२८ साली पूर्ण झाली. लांबी सोळाशे मीटरहून अधिक, उंची सुमारे ५८ मीटर. मुंबई प्रांताचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉईड यांचे नाव तिला दिले होते, म्हणून जुने लोक अजून ‘लॉईड धरण’ म्हणतात. उर्दूच्या वाचकांना हेच नाव दुसरीकडे भेटलेले असेल. सिंधमध्ये सक्करला सिंधू नदीवर जो प्रचंड बंधारा १९३२ साली सुरू झाला, तोही लॉईड यांच्याच नावाचा. तेव्हा सिंध मुंबई प्रांतातच होता. एकाच सरकारने एकाच काळात भोरच्या डोंगरात आणि सिंधच्या वाळवंटाशेजारी पाणी अडवले. त्याही आधी, १८७६ ते ७८ च्या भीषण दुष्काळानंतर नीरेच्या कालव्याचे काम निघाले आणि त्यासाठी इथे एक जुने, लहान धरण बांधले गेले. त्याच्या तलावाला ‘लेक व्हायटिंग’ म्हणत. आजच्या जलाशयाला मात्र शिवाजी महाराजांच्या पायदळाचे सरनौबत येसाजी कंक यांचे नाव आहे. त्यांचे भुतोंडे गाव याच फुगवट्याच्या अंगाला आहे.

भिंतीला ४५ स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी एका पातळीच्या वर चढले की ते आपोआप उघडतात आणि उतरले की मिटतात. पावसाळ्यात ते एका रांगेत वाहताना पाहायला रस्त्यावर गर्दी लोटते. पायथ्याशी १६ मेगावॅटचे वीजकेंद्र आहे. भिंतीवर जाण्याचा हट्ट धरू नये, रस्त्यावरून दिसते तेवढे पुरे असते. मुलगा दरवाजे मोजत होता, रिक्षावालेकाकाही त्याच्याबरोबर मोजत होते, आणि दोघांचे आकडे जुळेनात.

हे पाणी भोरकरांसाठी अडवलेले नाही, हे मी मुलांना तिथेच सांगितले. धरणातून सोडलेले पाणी वेळवंडीतून नीरेत, नीरेतून वीर धरणात आणि तिथून डाव्या-उजव्या कालव्यांत जाते. बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरस हे सगळे कमी पावसाचे तालुके. तिथला ऊस या डोंगरातल्या पावसावर उभा आहे. जवळजवळ साडेतेवीस टीएमसी पाणी मावते इथे. दिवाळीला ते काठोकाठ असते, आणि उन्हाळ्यात आवर्तने सुटली की भराभर उतरते. माझ्या एका सहकारी बाई मे महिन्यात एका रिसॉर्टला जाऊन आल्या होत्या. जाहिरातीत खिडकीखाली पाणी होते. त्यांना खिडकीतून दिसले ते भेगाळलेल्या गाळाचे मैदान, त्यावर चरणारी गुरे आणि दूर चांदीच्या तारेएवढे पाणी. वाळवंटातले रिसॉर्ट म्हणा ना. भाडे मात्र सुटीचे, म्हणजे दीडपट. तेव्हा निळे पाणी पाहायचे असेल तर सप्टेंबर ते जानेवारी हा काळ धरावा. उन्हाळ्यात जायचेच असेल तर वेगळ्या गोष्टीसाठी जावे : पाणी ओसरले की कांबरे गावाचे जुने दगडी मंदिर जलाशयातून वर येते. वर्षातले बहुतेक महिने ते पाण्याखाली असते. तलाव कशावर पसरला आहे, ते तेव्हा कळते.

काठाच्या एका गावात रिक्षावाल्यांच्या ओळखीचे घर होते. घरगुती जेवण ताटामागे दोनशे रुपये, आणि दिवसभर एक खोली व तिला लागून असलेले स्वच्छ संडास-बाथरूम यांचे तीनशे. मी आधी बाथरूम पाहिले, आतली कडी लावून पाहिली, मग हो म्हटले. घरच्या मावशींना मी सांगितले, मटण-कोंबडी नको, मासे असतील तर द्या. जलाशयातला कटला होता. धरणाच्या काठाला आपल्या घरांसाठी मासा हीच सोय. जबिहाचा प्रश्न येत नाही, कोणाला अवघडून विचारावे लागत नाही, आणि माशासारखा ताजा पदार्थ शहरात मिळत नाही. चुलीवरची तांदळाची भाकरी, कालवण, इंद्रायणीचा चिकट वाफाळता भात. मुलीने पहिल्यांदा मोबाइल काढला तो या ताटाचा फोटो घ्यायला.

जुहरच्या वेळी मुलगा तांब्या घेऊन वुजूसाठी पाण्याकडे निघाला. घरापासून काठ शंभर पावलांवर असेल. मावशींनी भाकरी तव्यावर टाकून हाक मारली, “बाळा, तिकडं नको जाऊ. घरात पाणी हाय.” आणि मग मला म्हणाल्या, “ताई, खाली आमची जुनी शेतं हायेत. बांध हायेत, हिरी हायेत. गुडघ्याएवढं वाटतं आन् पुढच्या पावलाला माणूस दिसत नाय.”

मे २०२२ मध्ये याच धरणाच्या पाण्यात एकाच कुटुंबातल्या पाच तरुण स्त्रिया बुडाल्या. त्या वेळी बातमी वाचून मी पान उलटले होते. त्या काठावर उभे राहिल्यावर ती बातमी समजली. पाणी शांत असते, ओढ दिसत नाही, काठ उथळ वाटतो. पण तो नदीचा वाळूचा काठ नसतो. बुडालेल्या शेताचा तो बांध असतो. पाणी रोज थोडे चढते-उतरते, त्यामुळे काठाचा गाळ वरून वाळलेला आणि खाली लोण्यासारखा असतो. एक घसरली की दुसरी हात द्यायला जाते, तिच्यामागे तिसरी. साडी असो की बुरखा, भिजल्यावर वजन सारखेच ओढते. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहिली पाहिजे. चांगले रिसॉर्ट पैसे घेते त्यात कठडा आणि लक्ष ठेवणारा माणूस यांचाही वाटा असतो. कमी खर्चात जाणाऱ्याला तो कठडा स्वतः व्हावे लागते. आम्ही घरातूनच ठरवून निघालो होतो की पाण्यात कोणीही उतरणार नाही, पाय बुडवायलाही नाही. मावशींच्या बोलण्यानंतर ते मुलालाही पटले. त्याने अंगणातल्या नळावर वुजू केला. मुलांच्या अब्बूंनी ओसरीवर चादर अंथरली, मावशींनी स्वतःहून टीव्हीचा आवाज बंद केला. पश्चिम कुठली हे मात्र त्यांना विचारावे लागले नाही, कारण सूर्य तिकडे कलू लागला होता.

दुपारी उंबराच्या सावलीत बसून आम्ही पाणी पाहिले. समोरच्या डोंगराची सावली त्यात हळूहळू लांब होत होती. एक मासेमार होडीतून जाळे ओढत होता. पलीकडच्या काठाला तेच ते पांढरे तंबू दिसत होते. मुलगी बराच वेळ तिकडे पाहत होती. मग म्हणाली, “अम्मी, त्यांना तिकडून आपली बाजू दिसत असेल ना?” मी म्हटले, “दिसत असेल, बेटा.” तिला आवडले की नाही, ते मी विचारले नाही. चौदा वर्षांच्या मुलीला तंबूत राहावेसे वाटणे साहजिक आहे, आणि हिशेबाने ती इच्छा जात नाही.

परतताना भोर गावात तासभर थांबलो. भोर हे पंतसचिवांचे संस्थान. राजाराम महाराजांच्या काळात शंकराजी नारायण यांच्याकडे सचिवपद आले, आणि १९४८ मध्ये संस्थान विलीन होईपर्यंत त्यांचे घराणे इथे होते. त्यांचा लाकडी खांबांचा राजवाडा अनेकांनी न ओळखता सिनेमात पाहिलेला असतो, कारण तिथे चित्रीकरणे होत असतात. आत सोडतील की नाही, हे त्या दिवसावर अवलंबून. आम्हाला दारातूनच पाहावा लागला. असरसाठी बापलेक गावातल्या मशिदीत गेले. तेवढ्यात सासूबाईंनी बाजारात तांदळाच्या दुकानाबाहेर ठाण मांडले. भोर-वेल्ह्याचा इंद्रायणी पुण्यात त्याच नावाने मिळतो, पण तो त्याच शेतातला असतोच असे नाही. त्यांनी चार दाणे दाताखाली चावले, मूठभर नाकाशी धरला, आणि दुकानदाराशी इतका वेळ घासाघीस केली की त्याने शेवटी हात जोडले.

तिकिटे पाचशे, रिक्षा सातशे, जेवण हजार, खोली तीनशे, दोन वेळचा चहा शंभर. सगळे मिळून सव्वीसशे रुपये, आणि पाच किलो तांदूळ वेगळे. भोरहून पुण्याकडे संध्याकाळी गाड्या आहेत, पण सुटीच्या दिवशी जागा मिळत नाही. शक्यतो आठवड्याच्या मधला दिवस निवडावा आणि मगरिबच्या आधीची गाडी पकडावी. सोबत चटई, तांब्या, साबण, जास्तीची ओढणी आणि कचऱ्यासाठी एक पिशवी असावी. काठावर प्लास्टिक भरपूर पडलेले होते, आणि ते गावातल्यांनी टाकलेले नव्हते.