माळव्याचा बाजार आणि ग्रामसभा

चि. ताई,


तू ग्रामपंचायतीत निवडून आलीस, तेव्हापासून हे लिहायचं मनात आहे. आपल्या हट्ट्याच्या आठवडी बाजारात माळवं, म्हणजे भाजीपाला, घेऊन बसणाऱ्या बायांचं काम तू हाती घ्यावंस.

आपण पिशवी भरून तासाभरात घरी येतो. त्या दिवसभर उन्हात. पहाटे बिटात, म्हणजे लिलावात, उधारीवर माल धरायचा, संध्याकाळी अडत्याचे पैसे फेडायचे, मधल्या वेळात मेथी-शेपूवर पाणी मारत राहायचं. चैत्रात दुपार झाली की पालेभाजी मान टाकते आणि दहाची जुडी पाचला द्यावी लागते. ती तूट त्यांच्याच अंगावर. काही जणी घरच्या वाफ्यातली अंबाडी, चुका, वाळकं आणतात. त्यांना निदान उधारी नाही. पण घोटभर पाणी प्यायचं सगळ्याच टाळतात, कारण जायला जागा नाही. हे मला फार लागतं.

शहरातल्यांना 2014 चा पथविक्रेता कायदा आहे. हटवायचं तर 30 दिवसांची नोटीस, जप्त केलेला नाशवंत माल मागितला की त्याच दिवशी परत, पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के विक्रेते आणि त्यांत एक तृतीयांश महिला. पण तो शहरांपुरताच. वसमतच्या रस्त्यावर बसणारीला जो आधार, तो हट्ट्यात बसणारीला नाही. 2020 ची स्वनिधी योजना, पहिलं कर्ज तेव्हा 10 हजारांचं, तीही शहरांसाठीच निघाली. 2016 मध्ये राज्यानं फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला, तरी गावात बसायचं कुठं, हे ग्रामपंचायतच ठरवणार.

आणि ग्रामपंचायतीला तो अधिकार आहे. 1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमानं बाजाराची फी तीच घेते. मग त्या पैशावर पहिला हक्क या बायांचा. ठराव असा मांड: फीचा दर फलकावर लावायचा, पावतीशिवाय पैसा घ्यायचा नाही, नेहमी बसणारीची जागा परस्पर बदलायची नाही; आणि नळ, महिलांसाठी संडास. शेड नंतर झाली तरी चालेल, संडास आधी. वसुली लिलावानं देत असाल तर या अटी करारातच घाला.

ग्रामसभेआधी महिलांची सभा होते ना, ती बाजाराच्या दिवशी ठेवू नकोस. या बायांना तिथं येऊन बोलता आलं पाहिजे.

तुझा
मामा