लोखंडाचा भुकेला

दिसायला तो ओबडधोबडच. पाच फूट लांब, जेमतेम तीन फूट उंच. पोट पिवळट, पाठीवर तांबूस गाठाळ कवच आणि शेपटीच्या टोकाला कुणीतरी चुकून बसवल्यासारखं आडवं पातं. तोंडापुढे दोन लांब, पिसांच्या मिशा सारख्या हलत असतात. तो आग ओकत नाही, शाप देत नाही, कुणाला दगड करत नाही. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळातल्या राक्षसांचा दरबार भरला तर याला दाराजवळ चपलांपाशी जागा मिळेल. तरीही भुयाराच्या वळणावर या रस्ट मॉन्स्टरच्या मिशा दिसल्या, की टेबलाभोवतीचे सगळ्यात शूर वीर सगळ्यात आधी मागे सरकतात.

कूळ म्हणाल तर प्लास्टिकचं. विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा या लहानशा गावात गॅरी गायगॅक्स आपल्या मित्रांबरोबर लुटुपुटीच्या लढाया खेळायचा, तेव्हा मांडायला राक्षसांच्या मूर्ती हव्या असायच्या आणि त्या कुणी बनवत नव्हतं. मग दुकानातून हाँगकाँगच्या स्वस्त खेळण्यांची पिशवी आली. पिशवीवर म्हणे लिहिलं होतं प्रागैतिहासिक प्राणी. आत जे निघालं त्याचा कुठल्याही डायनासोरशी दूरचाही संबंध नव्हता. घुबडाचं तोंड आणि अस्वलाचं धड असलेला आउलबेअर आणि जमिनीखालून पोहत येणारा ब्युलेट हे याचे त्याच पिशवीतले भाऊ. डेव्ह आर्नेसन आणि गायगॅक्स यांचा खेळ १९७४ मध्ये छापून आला आणि पुढच्याच वर्षी ‘ग्रेहॉक’ या पुरवणीत या प्लास्टिकच्या पोराला नाव मिळालं, भूक मिळाली.

ही भूक हाच त्याचा सगळा स्वभाव. त्याला लोखंड लागतं. मिशीचा स्पर्श झाला की तलवारीचा, ढालीचा, चिलखताचा गंज होतो आणि तो गंज हा मिटक्या मारत खातो. पंगतीला आलेल्या पाहुण्याचं जसं यजमानाशी वैर नसतं, तसं याचं तुमच्याशी काही वैर नाही. १९७७ च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मध्ये प्रत्येक राक्षसापुढे तो किती इजा करतो याचा रकाना आहे. याच्या रकान्यात शून्य. तेव्हा तुमच्या अंगाला तो ओरखडाही काढत नसे. फक्त तुम्हाला उघडं करून सोडायचा.

हा खेळ न खेळलेल्यांसाठी दोन ओळी. चारपाच जण आपापलं पात्र घेऊन बसतात, कुणी योद्धा, कुणी जादूगार, कुणी चोर. एक जण डंजन मास्टर होतो. भुयार, राक्षस, हवापाणी सगळं त्याच्या तोंडून येतं. पात्राने तलवार उगारली की वीस बाजूंचा फासा टाकायचा. वार बसला की समोरच्याचे हिट पॉइंट्स कमी होतात, शून्यावर आले की तो पडतो. खेळाचा सगळ्यात रटाळ भागही नेमका इथेच दडलेला असतो. मी मारतो, तो मारतो, मी बारा वजा करतो, तो सात. तिसऱ्या फेरीपर्यंत एक जण मोबाइल काढतो, दुसरा वेफर्सच्या पुड्याकडे वळतो. लढाई मंदावली की नवखे डंजन मास्टर राक्षसाचे हिट पॉइंट्स वाढवतात. त्याने एवढंच होतं, की कंटाळा अर्धा तास जास्त चालतो.

आता तिथे हा प्राणी सोडून बघा. आजवर प्रत्येक लढाईत पुढे उभा राहणारा योद्धा, डोक्यापासून पायापर्यंत पोलादात मढलेला. २०१४ च्या नियमांत त्या पूर्ण चिलखताची किंमत १,५०० सोन्याची नाणी. कितीतरी आठवडे खेळून, प्रत्येक लुटीतला वाटा राखून त्याने ते घेतलेलं असतं. त्याला मरणाची भीती नसते, कारण मेला तर नवं पात्र करता येतं. पण चिलखत? तो मागे सरतो, भिंतीला टेकतो, आणि ज्याला त्याने कायम आपल्या पाठीशी लपवलं तो झगा घातलेला जादूगार लाकडी काठी घेऊन पुढे येतो. धातूचं चिलखत वर्ज्य मानणारी ड्रुइड, म्हणजे निसर्गाची पुजारीण, गालातल्या गालात हसते. चोर कातडी जाकिटाची बटणं कशाची आहेत ते विचारतो. (हा प्रश्न हमखास येतो. उत्तर आधीच ठरवून ठेवावं.) पळून सुटकाही नाही. याला तीस फुटांवरून लोखंडाचा वास येतो आणि माणूस एका फेरीत तीस फूट धावतो तेव्हा हा चाळीस धावतो. तलवारीने मारावं तर जो वार त्याला लागतो तोच पातंही खातो.

त्याच नियमांत त्याचे हिट पॉइंट्स सरासरी सत्तावीस. अवघडपणाच्या मोजपट्टीवर तो अर्ध्या आकड्यावर, म्हणजे जवळजवळ तळाशी. ड्रॅगनपुढे हा काहीच नाही. पण टेबलावरचं प्रत्येक डोकं फाशाकडे न बघता एकमेकांकडे बघायला लागतं. कुणी खिळ्यांची पिशवी उपडी करून त्याला त्या बाजूला वळवतो, कुणी दोरखंडाचा फास करतो, कुणी ढाल काढून अगदी हळूच जमिनीवर ठेवतो आणि म्हणतो, घे बाबा, ही घे. लढाईत असं काहीतरी घडतं जे वजाबाकीत बसत नाही.

आता त्याच्यावरच्या अन्यायाबद्दल. मूळचा रस्ट मॉन्स्टर निर्दय होता. एक स्पर्श, आणि वस्तू गेली. जादूच्या वस्तूला तेवढी थोडी आशा, प्रत्येक ‘प्लस’मागे, म्हणजे जादूच्या एकेका अंकामागे, दहा टक्के, प्लस दोनची ढाल वाचण्याची शक्यता वीस टक्के. खेळाडू रडकुंडीला येत आणि खेळ छापणाऱ्या कंपनीला त्यांची दया येई. डिझायनर माइक मिअर्ल्स यांनी २००६ मध्ये त्याची एक सुधारित आवृत्ती मांडली, तिच्यात गंज थोड्या वेळाने आपोआप उतरत असे. खेळाच्या चौथ्या आवृत्तीत त्याने खाल्लेल्या जादूच्या वस्तूचं सत्त्व त्याचं पोट फाडून परत मिळू लागलं. म्हणजे वाघाने शेळी नेली तरी मालकाला भरपाई. २०१४ मध्ये जादूच्या वस्तू त्याच्या ताटातूनच काढून घेतल्या. साधं चिलखतही आता एका स्पर्शात जात नाही, संरक्षणाचा एकेक अंक झिजतो. पूर्ण चिलखताचा अठराचा आकडा दहावर आणायला आठ स्पर्श लागतात. तेवढ्यात योद्धा त्याला चार वेळा मारेल.

मला ही दयाबुद्धी पटत नाही. आठ स्पर्शांची वाट बघणारा प्राणी म्हणजे पुन्हा तीच वजाबाकी, फक्त दुसऱ्या रकान्यातली. मूळ प्राण्याबद्दलची एक तक्रार मात्र खरी आहे. काही डंजन मास्टर त्याला सूड म्हणून सोडत. खेळाडूंकडे फार चांगली शस्त्रं जमली, आपली लढाई फार सोपी झाली, की अंधारातून हा आणायचा आणि सगळं खाऊ घालायचं. न सांगता, न वास देता. त्यात दोष प्राण्याचा नाही. आधीच्या दालनात फक्त लाकडी मुठी उरलेल्या तलवारी, बिजागऱ्या नसलेलं दार, भिंतीवर तांबूस भुकटी दाखवली असती, तर खेळाडूंनी स्वतःहून चिलखतं उतरवायची की नाही यावर तासभर भांडण केलं असतं. ते भांडण लढाईपेक्षा रंगतं.

तुम्ही डंजन मास्टर म्हणून टेबलाच्या त्या टोकाला बसत असाल तर याच्याकडून एवढं घ्या. राक्षसाचे हिट पॉइंट्स ठरवण्याआधी त्याला काय हवंय ते ठरवा. पिल्लं वाचवायची आहेत, पूल अडवायचा आहे, चकाकणारं काहीतरी पळवायचं आहे की नुसतं जेवायचं आहे? त्याचं पोट भरलं तर त्याला जाऊ द्या. १९८१ च्या बेसिक नियमांत राक्षसांच्या मनोधैर्याची परीक्षा दोन फाशांवर घेत. टोळीतला पहिला मेला किंवा निम्मी टोळी गारद झाली की फासे टाकायचे, परीक्षेत नापास झाले तर उरलेले पळायला मोकळे. ती पद्धत पुन्हा काढा. आणि खेळाडू असाल तर पुढच्या वेळी सामानाच्या यादीत डझनभर लोखंडी खिळे लिहून ठेवा.