टिपाडातला निळा साका

आमच्या निफाड तालुक्यात द्राक्षांच्या ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस झाला की घरोघरी मोरचुदाचे खडे बाहेर निघत. शंभर लिटर पाणी, एक किलो मोरचूद, एक किलो चुना: एक टक्क्याच्या बोर्डो मिश्रणाचं हे माप पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ. आबा कळीचा चुना विरवायला लागले की पाणी आपोआप उकळायचं, म्हणून आम्हाला लांब पिटाळत. मग मोरचुदाचं पाणी चुन्यात ओतायचं, प्लास्टिकच्या टिपाडातच, आणि काठीने ढवळलं की सगळं आकाशी, दाट व्हायचं. शेवटी विळ्याचं पातं बुडवायचं. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला. ते तसंच फवारलं तर पानं करपतात.

दहावीत हेच अवक्षेपण म्हणून आलं, पण बेरियम क्लोराइड आणि सोडियम सल्फेटच्या रूपात. पांढरा साका, दुहेरी विस्थापन, समीकरण संतुलित करा. बागेचा विषय निघालाच नाही.

कॉलेजात लेड आयोडाइडने मात्र वेड लावलं. तापवलं की पिवळा साका विरघळतो, गार होताना सोनेरी चकत्यांनी परततो. इतकं देखणं प्रात्यक्षिक दुसरं नाही. तरी नाशिकमध्ये शिकवायला लागल्यापासून मी ते शाळेत कधी केलेलं नाही. शिसं मुलांच्या मेंदूला घातक. सौंदर्यासाठी एवढी किंमत कशाला?

त्याऐवजी मी घरचंच मिश्रण मांडते, जरा बदलून. टिपाडात चुना आधीच गढूळ असतो; साका नवा की चुनाच निळा झाला, मुलांना कळणार कसं? म्हणून विरी गेलेल्या चुन्याची गाळलेली, नितळ निवळी घ्यायची. तीत मोरचुदाच्या पातळ द्रावणाचे थेंब सोडायचे. दोन स्वच्छ पाण्यांतून निळसर कॉपर हायड्रॉक्साइड उतरताना दिसतं. फ्रान्समधल्या बोर्डोच्या मिलार्डे यांनी 1885 मध्ये द्राक्षांवरच्या डाऊनी रोगावर हाच उपाय जाहीर केला, हे सांगितलं की द्राक्षवाल्यांची पोरं ताठ बसतात.

चष्मा मात्र सगळ्यांना, कारण चुना डोळ्यात गेला तर गंमत उरत नाही. आणि शिक्षकांनो, उरलेलं बेसिनमध्ये ओतू नका. साका गाळून वेगळा ठेवा, प्रयोगशाळेच्या कचऱ्यात द्या. तांबं माशांना मारक असतं, आणि आपलं सांडपाणी शेवटी गोदावरीलाच मिळतं.