धक्का कुठे जिरतो?

छोट्या मोटारीचे गचके कसे कमी करावेत हा विषय प्रशासनावरील लेखांत यावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु गेल्या वर्षभरात या विषयाने माझा बराच वेळ घेतला आणि तो शेवटी जाऊन पोहोचला तो थेट माझ्या कामाच्या मेजावरच. म्हणून हा लेख.

सध्या माझी नेमणूक झारखंडमध्ये आहे. आई माझ्याजवळ असते. तिचे वय चौऱ्याहत्तर. हाडे ठिसूळ झाल्याने पाठीचा एक मणका दबला आहे. महिन्यातून एकदा तिला तपासणीसाठी रांचीला न्यावे लागते. जाण्याचे अंतर सुमारे ९० किमी. डॉक्टरांचे सांगणे एवढेच, की प्रवासाला हरकत नाही, पण धक्के बसता कामा नयेत. सरकारी गाडी मोठी, जड आणि आरामशीर आहे. मात्र ती सरकारी कामासाठी आहे. तेव्हा आईसाठी उरते ती आमची स्वतःची, १२ इंची चाकांची, सत्तर हजार किमी धावलेली लहानशी हॅचबॅक. ही गाडी तिला मानवेल अशी करता येईल का, हा माझ्यापुढचा प्रश्न होता.

लहान गाडी जास्त आदळते यामागे साधे गणित आहे. रिकाम्या गाडीचे वजन साडेसातशे किलो धरले आणि पासष्ट किलोची पाच माणसे तीत बसली, तर ३२५ किलोंची भर पडते, म्हणजे सुमारे त्रेचाळीस टक्के. अठराशे किलोंच्या मोठ्या गाडीत हीच पाच माणसे जेमतेम अठरा टक्के भर घालतात. लहान गाडीची स्प्रिंग पूर्ण भारालाही तळाला टेकू नये म्हणून तिला मुळातच ताठ ठेवावे लागते, आणि मग एकदोनच माणसे बसलेली असताना ती कडक लागते. दुसरे कारण पुढच्या आणि मागच्या चाकांतील अंतराचे. लहान हॅचबॅकमध्ये ते साधारण २.४ मीटर असते. ताशी ४० किमी वेगाने जाताना पुढचे चाक उंचवट्यावरून गेल्यावर सेकंदाच्या पाचव्या हिश्शातच मागचे चाक त्यावर येते आणि गाडी होडीसारखी पुढे-मागे डुलते. तिसरे कारण चाकाच्या व्यासाचे. बैलगाडीचे मोठे चाक ज्या खड्ड्यावरून सहज निघून जाते, त्यात १२ इंची चाक खोल उतरते.

म्हणून लहान गाडी हालहवाल करणारी असायलाच हवी, असे मात्र नाही. १९४८ साली पॅरिसच्या प्रदर्शनात सिट्रोएन कंपनीने फ्रान्सच्या शेतकऱ्यांसाठी घडवलेली टू सीव्ही ही छोटी मोटार लोकांपुढे आली. अंड्यांची टोपली नांगरलेल्या शेतातून नेली तरी एकही अंडे फुटता कामा नये, अशी तिच्या निर्मात्यांपुढची अट असल्याचे सांगितले जाते. त्या गाडीत पुढचे आणि मागचे चाक एकाच स्प्रिंगव्यवस्थेने जोडलेले होते, त्यामुळे डुलणे आटोक्यात राही. शेतकऱ्याची अंडी हा अभियांत्रिकीचा मापदंड होऊ शकतो, ही गोष्ट मला फार आवडते.

आता प्रत्यक्ष उपायांकडे वळू. सुधारणा म्हटले की आपल्या मनात प्रथम येते ते काहीतरी नवे बसवणे. बाजारातही तशाच वस्तू मांडलेल्या असतात. स्प्रिंगच्या दोन वेढ्यांमध्ये घट्ट बसवायचा रबरी बफर हा त्यांतला सर्वांत लोकप्रिय. त्याने गाडी किंचित उंच होते आणि भार असताना खाली टेकत नाही, हे खरे. पण ज्या वेढ्यांत तो अडकवला, ते दबणे थांबते. उरलेल्या वेढ्यांवर काम येते आणि स्प्रिंग आणखी ताठ होते. दुखऱ्या मणक्यासाठी हा उपाय उलटाच. मोठ्या रिमवर पातळ टायर चढवण्याची हौसही तशीच. टायरच्या भिंतीतील हवा ही गाडीची पहिली गादी, आणि ती भिंतच बारीक झाली तर धक्का सरळ वर येतो. टायरमध्ये नायट्रोजन भरल्याने गाडी मऊ होते असे सांगणारेही भेटले. साध्या हवेत अठ्ठ्याहत्तर टक्के नायट्रोजनच असतो, हे त्यांच्या कानावर घालून मी पुढे निघालो. शिवाय गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करण्यास मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम ५२ ची मनाई आहे. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही ती उचलून धरली.

येथील मिस्त्री वयस्क आणि मितभाषी आहेत. त्यांनी गाडीचे बॉनेट दोन्ही हातांनी खाली दाबले आणि सोडून दिले. गाडी वर आली, खाली गेली, पुन्हा वर आली, पुन्हा खाली गेली. "शॉकर बैठ गया है, साहब," ते म्हणाले. आपण ज्याला शॉकअप म्हणतो, तो इकडचा शॉकर; आणि ट्रकचे आपले पाटे म्हणजे इकडची कमानी. नावे बदलली तरी निदान तेच. चांगल्या स्थितीतील गाडी दाबून सोडल्यावर एकदा वर येते आणि थोडक्यात स्थिरावते.

स्प्रिंग आणि शॉकअप यांची कामे वेगळी आहेत, हे येथे ध्यानात घ्यावे. स्प्रिंग धक्का साठवते आणि लगेच परतही करते. शॉकअपमधील तेल बारीक छिद्रांतून ढकलले जाते, त्यात धक्क्याची ऊर्जा उष्णता होऊन जिरते. शॉकअप निकामी झाला की एका खड्ड्याचे तीन हेलकावे होतात. त्यातच शॉकअपच्या माथ्यावरील रबरी बैठक चिरलेली असेल, खालच्या आर्मचे बुश फाटले असतील, लिंक रॉडचे सांधे ढिले असतील, तर प्रत्येक धक्क्यासोबत लोखंडावर लोखंड आपटल्याचा खडखडाट येतो. आमच्या गाडीत यांतले बहुतेक सर्व होते.

चारही शॉकअप बदलले. ते पुढचे दोन किंवा मागचे दोन असे जोडीनेच बदलायचे असतात. एकच बदलला तर गाडी एका अंगाला निराळी वागते. वरच्या बैठका, बुश आणि लिंक रॉड नवे घातले. टायरच्या भिंतीवर चार आकडे असतात. पहिले दोन निर्मितीचा आठवडा सांगतात आणि पुढचे दोन वर्ष. आमचे टायर नक्षीने शाबूत, पण वयाने जुने होते. रबर वयानुसार कडक होते, म्हणून त्याच मापाचे नवे टायर घेतले. हवेचा दाब चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवर लिहिल्याप्रमाणे, टायर थंड असताना भरला. पंपावर सवयीने चारपाच पौंड जास्त भरण्याची रीत आहे. टायर फुग्यासारखा ताठ होतो आणि बारीक खडीसुद्धा जाणवते. उलट, आराम मिळावा म्हणून लिहिल्यापेक्षा कमी हवा ठेवणेही योग्य नाही. टायर तापतो आणि खड्ड्यात रिम वाकते. डिकीतील वर्षानुवर्षांचे अनावश्यक सामान काढले. आणि आईची जागा बदलली. छोट्या हॅचबॅकचे मागचे आसन जवळजवळ मागच्या चाकांवरच असते. दोन्ही चाकांच्या मध्ये, म्हणजे पुढच्या आसनावर, डुलणे कमी लागते. या शेवटच्या उपायाला एक पैसाही लागला नाही.

या साऱ्या यादीत नवी अशी एकही गोष्ट नव्हती, याकडे मी वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. गाडी घडवणाऱ्याने जे योजले होते आणि काळाने जे झिजवले होते, तेवढेच पूर्ववत केले. सरकारी कारभारात नेमके हेच काम सर्वांत उपेक्षित असते. नव्या बांधकामाला कोनशिला असते, फीत असते, छायाचित्र असते. देखभाल-दुरुस्तीला यातले काहीच नसते. २००० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत, रस्ता बांधणाऱ्या ठेकेदारावरच पुढील पाच वर्षांच्या देखभालीची जबाबदारी घातली गेली. त्या योजनेतील मला सर्वांत शहाणपणाची वाटणारी तरतूद हीच.

पहिल्या फेरीनंतर आई म्हणाली, "आज मणके जागेवर आहेत रे." मात्र रांचीच्या वाटेवरील एका गावाजवळ तिने दाराची मूठ घट्ट धरली, ती धरलीच. तेथे वीतभर उंच आणि जेमतेम हातभर रुंद असे तीन गतिरोधक ओळीने होते. नवा शॉकअप तेथे हतबल होता.

ते गतिरोधक काढून टाकावेत, हा विचार सुचणे सोपे होते. परंतु चौकशी केली तेव्हा कळले, की शाळेतून परतणारे एक मूल तेथे ट्रकखाली सापडले होते आणि त्यानंतर गावकऱ्यांनी स्वतःच सिमेंट आणून ते रातोरात घातले होते. एका बाजूला माझ्या आईचा मणका, दुसऱ्या बाजूला त्यांची मुले. मुलांच्या जिवावर आईला आराम मिळवून देण्याचा अधिकार मला नव्हता.

मार्ग निघाला तो जुन्याच एका मानकात. इंडियन रोड्स काँग्रेसने १९८८ साली गतिरोधकांविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांची सुधारित आवृत्ती २०१८ ची आहे. मूळ सूचनांतील गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच, गोलसर पाठीचा आहे. ब्रिटनच्या रस्ते संशोधन प्रयोगशाळेत १९७३ च्या सुमारास झालेल्या प्रयोगांतून हा आकार पुढे आला. ताशी २५ किमी वेगाने तो अलगद ओलांडता येतो आणि वेग वाढेल तसा त्रास वाढत जातो. हातभर रुंदीच्या गतिरोधकाचे वागणे याच्या नेमके विरुद्ध असते. हळू जाणाऱ्याला तो पूर्ण दणका देतो. वेगाने जाणाऱ्याचे चाक क्षणार्धात उसळून परत येते आणि तो धक्का वरच्या सांगाड्यापर्यंत पुरता पोहोचतच नाही. म्हणजे सांभाळून जाणाऱ्या छोट्या गाडीला शिक्षा, आणि भरधाव ट्रकला माफी.

अभियंत्यांना घेऊन गावात बैठक घेतली. गावकऱ्यांना प्रथम संशय आला, आणि तो रास्तच होता. साहेबाच्या गाडीला त्रास होतो म्हणून गतिरोधक जाणार, असे त्यांना वाटले. एका वृद्ध गृहस्थांनी तसे स्पष्ट विचारलेही. मी आईची गोष्ट लपवली नाही. मग जुने तीन तोडण्यापूर्वी नवे दोन मानकाप्रमाणे बांधावेत, त्यांवर पट्टे रंगवावेत, अलीकडे सूचनाफलक लावावेत, असे ठरले. क्रम महत्त्वाचा होता. आधी तोडले असते, तर बांधेपर्यंतच्या दिवसांची हमी कोण देणार?

या निमित्ताने आणखी एक गोष्ट मनाशी पक्की झाली. रस्त्याचा खडबडीतपणा मोजण्यासाठी आपल्या देशात जे बंप इंटिग्रेटर नावाचे यंत्र वापरले जाते, ते म्हणजे वाहनामागे ताशी ३२ किमी वेगाने ओढले जाणारे एकच चाक, त्याची स्प्रिंग आणि शॉकअप. चाक किलोमीटरभरात एकूण किती मिलिमीटर हालले, त्याची बेरीज हेच रस्त्याचे गुणपत्रक. जागतिक बँकेने १९८२ साली ब्राझीलमध्ये केलेल्या प्रयोगांतून जो आंतरराष्ट्रीय निर्देशांक पुढे आला, तोही ताशी ८० किमी वेगाने धावणाऱ्या, मोटारीच्या पाव भागाएवढ्या एका काल्पनिक वाहनाच्या हालचालीवर बेतलेला आहे. म्हणजे रस्ता कसा आहे हे शास्त्रालाही स्प्रिंगलाच विचारावे लागते.

मग आम्ही अधिकारी ते कोणत्या स्प्रिंगला विचारतो? आमची वाहने जितकी जड आणि मऊ, तितका रस्ता आमच्यापर्यंत कमी पोहोचतो. खड्डा तोच, पण दोन टनांच्या गाडीतून तो टिपणीतला एक शब्द असतो आणि छोट्या हॅचबॅकमधून, रिक्षातून, दुचाकीवरून तो पाठीतली कळ असतो. म्हणून रस्त्याच्या पाहणीसाठी मी आता एक पद्धत ठेवली आहे: पाहणी लहान गाडीतून करायची, आणि अभियंत्यांसह मीही मागच्या आसनावर बसायचे. टिपणे पूर्वीपेक्षा नेमकी होतात, आणि दुरुस्तीचे अंदाजपत्रक लवकर येते, असा अनुभव आहे.

वाचकांपैकी ज्यांच्या घरी कोणी वृद्ध किंवा दुखणाईत आहे, त्यांनी नवी गाडी घेण्याआधी जुनीचे बॉनेट एकदा दाबून पाहावे. मग हवा, टायर, शॉकअप, बुश या क्रमाने जावे. इतके करूनही जो धक्का उरेल तो गाडीचा नसेल. तो नेमका कोणत्या ठिकाणी बसतो ते लिहून ठेवावे आणि तेथील रस्ता ज्यांच्या ताब्यात आहे त्यांना कळवावे. असे एक पत्र, ठिकाण आणि तारखेसह, माझ्यासारख्याच्या मेजावर येते तेव्हा ते बाजूला सारणे अवघड असते.