रिकामी खाच

बंगळूरच्या ज्या जुन्या पेठेशी शहाजीराजांच्या जहागिरीमुळे मराठी माणसाचा १६३८ पासून संबंध जडला, तिच्याच परिसरात सदर पत्रप्पा रस्ता आहे. ‘एस. पी. रोड’ या नावाने तो सर्वांस परिचित आहे. विजेच्या सामानाची आणि संगणकाच्या सुट्या भागांची दुकाने तेथे दाटीने उभी आहेत. याच शहरातील काचेच्या इमारतींत उद्याच्या संगणकाचा विचार चालतो. या रस्त्यावर कालच्या संगणकाचे आयुष्य वाढविण्याचा.

येथे येणाऱ्या एखाद्या गृहस्थाचा संगणक दहा-बारा वर्षांचा असतो. त्यावर लिनक्स चालत असल्याने लिहिणे-वाचणे अजून सुरळीत होते. परंतु नव्या पद्धतीने साठविलेली चित्रफीत लावली की प्रोसेसर धापा टाकू लागतो. अंगभूत चित्रव्यवस्था मुख्य स्मृतीतच वाटा मागते. स्वतःची स्मृती असणारे वेगळे ग्राफिक्स कार्ड हा भार उचलते. मदरबोर्डावरची लांब खाच बहुधा रिकामीच असते, आणि पीसीआय एक्स्प्रेसच्या रचनेमुळे जुन्या खाचेतही नवे कार्ड सामान्यतः चालते.

तथापि घर लहान असेल तर पाहुणाही बेताचाच बोलवावा लागतो. ही खाच कार्डाला अधिकाधिक ७५ वॉट वीज पुरविते. भूक त्याहून मोठी असेल तर एसएमपीएसमधून वेगळी तार हवी: सहा पिनांची आणखी ७५ वॉटची, आठ पिनांची १५० वॉटची. जुन्या एसएमपीएसला अशी तार पुष्कळदा नसतेच. अरुंद कॅबिनेटात तर कमी उंचीचेच कार्ड बसते.

एवढे जुळले तरी खरा प्रश्न उरतोच, तो ड्रायव्हरचा. कार्ड विकत घेता येते. त्याच्याशी बोलण्याची भाषा निर्मात्याच्या मर्जीवर राहते. एएमडीने २००७ मध्ये आपल्या कार्डांची माहिती खुली करण्यास आरंभ केला. त्या कार्डांचे ड्रायव्हर आज लिनक्सच्या गाभ्यातच नांदतात. एन्व्हिडियाच्या कार्डांसाठी ‘नूवो’च्या स्वयंसेवकांनी कार्डाच्या वर्तनावरून त्याची भाषा ताडली, मात्र वेगात तो ड्रायव्हर बहुधा उणा पडतो. त्या कंपनीने २०२२ मध्ये गाभ्याशी जोडणारा भाग खुला केला, पण तो ट्युरिंग व त्यानंतरच्या पिढ्यांपुरताच. त्याच वर्षाच्या अखेरीस फर्मी पिढीच्या जुन्या कार्डांसाठी असलेल्या ३९० मालिकेच्या बंदिस्त ड्रायव्हरचा आधार संपला. लिनक्सचा गाभा बदलत जातो आणि असा ड्रायव्हर मागे पडतो. कार्डातील एकही तार तुटलेली नसते, तरीही ते दिवसेंदिवस परके होत जाते.

मोटेचे चाक मोडले तर गावचा सुतार ते दुरुस्त करी, कारण चाकाने त्याच्यापासून काही लपविलेले नसे. यंत्राचे म्हातारपण केवळ धातूच्या झिजेने ठरत नाही. त्याचे ज्ञान किती हातांत आहे, यानेही ठरते. जुना संगणक टिकविणे ही काटकसर खरी, पण त्याहून अधिक तो मालकीचा प्रश्न आहे. म्हणून सुज्ञ ग्राहकाने दुकानाच्या पायरीवर किंमत विचारण्याआधी, या कार्डाचा ड्रायव्हर कोणाच्या हाती आहे, हे जाणून घ्यावे. किमतीची घासाघीस त्यानंतरही करता येते.