कुलाब्याची पांढरी पेटी

गेल्या वैशाखांत आमच्या गिरगांवच्या चाळींत एक प्रसंग घडला. आमच्या वृद्ध वहिनींची खोली वरच्या मजल्यावर, थेट पत्र्याखालीं. "भाऊजी, जीव नुसता कासावीस होतो हो," असें त्या म्हणत, आणि आम्ही वर्तमानपत्र पुढें करून म्हणत असूं, "कुलाब्यास तर चौतीसच अंश आहे!" एके दुपारीं त्यांना भोंवळ आली. सुदैवानें त्या सावरल्या. पण ज्या आंकड्याच्या भरंवशावर आम्हीं त्यांचें गाऱ्हाणें उडवून लावलें, तो मोजतात तरी कसा, हें पाहिल्यावांचून आम्हांस चैन पडेना.

परवानगी काढून आम्ही कुलाब्याच्या वेधशाळेंत गेलों. ही वेधशाळा १८२६ सालची. हवामान व भूचुंबकत्व यांच्या नोंदींस तेथें १८४१ मध्यें आरंभ झाला. केरो लक्ष्मण छत्रे यांनीं तरुणपणीं येथेंच काम केलें, हें स्मरून आमच्यांतला जुना शिक्षक सुखावला.

हिरवळीवर चार पायांवर उभी असलेली एक पांढरी लांकडी पेटी दिसली. थॉमस स्टीव्हन्सन या स्कॉटिश अभियंत्याच्या नांवानें ती ओळखली जाते. 'ट्रेझर आयलंड' लिहिणाऱ्या कादंबरीकाराचे ते वडील. पेटीच्या भिंती म्हणजे तिरप्या पट्ट्यांची दुहेरी झडप. ऊन आंत शिरत नाहीं. वारा मात्र खेळतो. दार उघडतांना ऊन पडूं नये म्हणून तें उत्तरेस. उन्हांत ठेवलेला तापमापक हवेचें तापमान सांगतच नाहीं; उन्हानें तो स्वतःच तापतो. भिंतीशीं ठेवला तर भिंतीची, जमिनीलगत ठेवला तर जमिनीची धग त्यास लागते. म्हणून तो हिरवळीपासून सुमारें सव्वा मीटर उंच ठेवावयाचा.

स्वयंचलित यंत्रांत आतां पाऱ्याऐवजीं प्लॅटिनमची बारीक तार असते. शून्य अंशावर तिचा विजेला होणारा विरोध बहुधा १०० ओहम असतो, व दर अंशागणिक तो सुमारें ०.३९ ओहमनें वाढतो. पण तिच्यावरहि पालथ्या बशा एकीवर एक रचाव्या तसें पांढरें आवरण असतेंच. साधन बदललें, तरी सावली आणि वारा यांवांचून गत्यंतर नाहीं.

परततांना आमच्या ध्यानांत आलें कीं, कुलाब्याचा आंकडा खोटा नव्हता. तो समुद्राकांठच्या मोकळ्या हवेचा होता. सर्वत्र याच रीतीनें मोजतात, म्हणूनच मुंबईची नागपुराशीं आणि यंदाची गतवर्षाशीं तुलना करतां येते. परंतु तापलेला पत्रा वहिनींच्या डोक्यावर जी आग ओतीत होता, तिची नोंद त्या पेटींत व्हावी कशी? ती घरच्या माणसांनींच ठेवावयाची होती. ती आम्हीं ठेवली नाहीं.

हल्लीं दुपारीं वहिनींची बैठक खालच्या मजल्यावर, उत्तरेच्या खिडकीपाशीं असते. पेटींतल्या तापमापकाची जी काळजी सरकार घेतें, तेवढी तरी आपल्या घरच्या वडीलधाऱ्यांची आपण घ्यावी, एवढीच वाचकांस विनंती.